बिब्ब्याची खूण

शाकीरभाईच्या गोदामात सगळं किलोवर:
पांढरं सुती बावीस रुपये, होजिअरी चौदा.
रेशीम निघालं तर तो आपणहून बाजूला ठेवतो,
म्हणतो, बाई, हे तुमच्यातलं.
उरलेलं गॅरेजवाले नेतात, तेल पुसायला.

तेरा वर्षं मी शिवडीला, एक्स्पोर्टच्या कपड्यांवर
डाग शोधायचं काम केलं.
सापडला की लाल टिकली, आणि पीस बाद.
आता उलटं चाललंय.
डाग सापडला की तेवढाच कापून घेते,
बाकी शर्ट गॅरेजला.

कॉलरची आतली बाजू मानेलाच ठाऊक.
तिथे, घामाच्या पिवळ्या रेघेखाली
दोन टिंबं, एक आडवी काडी,
कधी नुसतीच फुली.
धोब्याची खूण, बिब्ब्याच्या चिकाची.
शर्टाचा पायजमा होतो, पायजम्याचं फडकं,
फडकं बोहारणीच्या गाठोड्यात जातं
एका झाकणाच्या डब्यासाठी.
कापड विरतं. खूण
होती तिथेच.

अशा दोनशे बारा जमल्या.
मांजरपाटावर एकेक धावदोऱ्याने बसवली,
परळच्या खोलीत, पंखा बंद ठेवून,
नाहीतर तुकडे उडतात.
कुंदा सुईत दोरा ओवून देत म्हणाली,
ह्याला चित्र म्हणायचं?
मी म्हटलं, त्यांना म्हणू दे, आपण शिवू.

काळा घोड्याला गॅलरीत लागलं ते.
आई असती तर म्हणाली असती,
लक्तरं वेशीला टांगलीस ती टांगलीस,
वर दिवे कशाला सोडलेस?
एक दाढीवाले गृहस्थ खूप वेळ उभे होते.
"लिपी आहे," म्हणाले, "पण अर्थाच्या अलीकडची."
मला आवडलं. बिलाच्या मागे लिहून ठेवलं.

गुरुवारी दुपारी कुंदा रामआसरेंना घेऊन आली.
तिच्या चाळीखाली इस्त्रीचं टेबल आहे त्यांचं,
कोळशाची सुटली, आता विजेची.
चपला दाराशी काढल्या. गार्ड म्हणाला, काका, इथे नाही काढत.
ते तसेच अनवाणी, हात पाठीमागे बांधून,
भिंतीच्या जवळ, फार जवळ गेले

आणि वाचायला लागले.

"हे भोईवाडा, दुसरा माळा. मास्तर. खळ कडक.
हे बँकवाले, ह्यांचे सत्तर रुपये राहिले.
ही तीन टिंबं दोन भावांची. वाटण्या झाल्या
तेव्हा धाकट्याला चौथं दिलं मी.
ह्या खालच्या सगळ्या सातरस्त्याच्या घाटाच्या,
आपल्या नाहीत, आपल्याला काय माहीत."

कोपऱ्यातल्या मुलीचं टायपिंग थांबलं होतं.
तीसेक घरं झाली असतील.
एका काडीपाशी ते गप्प झाले.
नखाने हळूच दाबून पाहिली.
"ही बापाची. तो डावीकडून ओढायचा."
पुढे काही बोलले नाहीत.
कुंदाने पाण्याची बाटली पुढे केली, ती धरून राहिले.

मग मान तिरकी केली.
"बाई, तिसऱ्या ओळीत पाच उलट्या लावल्यात.
असं नाही चालत.
ह्याचे कपडे त्याच्या घरी जातील."

मी मुलीला विचारलं, अर्ध्या तासाचं काम आहे,
उतरवता येईल?
तिने कोपऱ्यातल्या पाटीकडे बोट दाखवलं.
नावाशेजारी लाल टिकली.
विकलं गेलंय मॅडम, आता हात लावता येत नाही.

लाल टिकलीला
मी अजूनही आधी बाद असंच वाचते.

पर्समध्ये अर्धं ब्लेड आहे, सुई आहे, पांढरा दोरा.
रामआसरे बाकावर बसलेत, त्यांना घाई नाही.
गार्ड जेवायला कधी जातो
ते कुंदा बघून ठेवते आहे.